खरडवही आणि कवितेची वही: दुःख लिहून काढताना या दोन वेगळ्या का हव्यात

गिरणाकाठ (धागा सुरू केला)

मन हलकं व्हावं म्हणून कविता लिहायला बसणाऱ्यांच्या दोन चुका नेहमी दिसतात. काही जण पानंच्या पानं भरतात, त्यालाच कविता म्हणतात आणि तिथेच थांबतात. काही जण पहिल्या ओळीपासून यमक शोधायला लागतात, त्यात मूळ रडू घशातच अडकतं. दोन्हींवर उपाय एकच आहे. दोन वह्या ठेवायच्या. एक खरडीची, एक कवितेची. मध्ये काही दिवस जाऊ द्यायचे.

आधी खरडवही. शंभरपानी साधी वही घ्या, जाड पुठ्ठ्याची सुंदर डायरी नको. सुंदर वहीत माणूस अक्षर सांभाळतो आणि खरं बोलायचं राहून जातं. हाताने लिहा. मोबाइलवर लिहिलं की बोट आपोआप खोडायच्या बटणावर जातं. घड्याळ लावून १५ ते २० मिनिटं, सलग चार दिवस. पेन उचलायचा नाही. सुचलं नाही तर शेवटचा शब्द पुन्हा पुन्हा लिहायचा, पुढचं येतं. शुद्धलेखन, व्याकरण, विराम, कशाचीच काळजी करायची नाही.

चार दिवस आणि १५ मिनिटं हा हिशेब मनाने काढलेला नाही. जेम्स पेनेबेकर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाच्या १९८६ सालच्या प्रयोगात विद्यार्थ्यांनी रोज १५ मिनिटं, ओळीने चार दिवस, आयुष्यातल्या जड प्रसंगावर लिहिलं. लिहून झाल्याबरोबर त्यांना बरं वाटलं नाही, उलट मन जास्त उदास झालं. फायदा दिसला तो पुढच्या महिन्यांत, आणि तो ज्यांनी काय घडलं आणि काय वाटलं हे दोन्ही लिहिलं त्यांना. नुसता प्रसंग किंवा नुसत्या भावना लिहून काम भागत नाही. पहिल्या दिवशी लिहिल्यावर छाती जड झाली की लोक वही फेकून देतात, म्हणून हे आधीच सांगतोय. ते जडपण बहुधा तासा-दोन तासांत उतरतं. झोपायच्या तोंडावर मात्र लिहू नका, रात्र तळमळण्यात जाते. लिहून झालं की दहा-पंधरा मिनिटं हाताचं काम करा. भांडी घासा, शेंगा फोडा, ओटा झाडा.

चौथ्या दिवसानंतर वही आठवडाभर बंद. मग उघडून लाल पेनने दोन गोष्टी करायच्या. हाताला लागेल, डोळ्याला दिसेल अशा प्रत्येक वस्तूखाली रेघ. आणि दुःख, वेदना, काळीज, आसवं, एकटेपणा या शब्दांवर काट. ते खोटे आहेत असं नाही, पण ते सगळ्यांचे आहेत. कविता रेघ मारलेल्या शब्दांतून उभी करायची, तीही एकाच वस्तूतून.

नमुना देतो. खरड अशी असेल: "आई गेल्यापासून घर खायला उठतं, सकाळी चहा ठेवला की हात आपोआप दोन कप काढतो, मग एक परत फळीवर ठेवायचा, कशातच मन लागत नाही." रेघ पडली दोन कपांवर. त्यातून:

दोन कप काढले मी
एक ठेवला माघारी
चहा उकळून गेला
उभी राहिले मी दारी

घर खायला उठतं हे कुठेच म्हटलेलं नाही, तरी कळतं.

पांढरी माती

दादा, प्रत्येक ओळीत आठ अक्षरं आहेत ना? जोडाक्षर आलं की मोजणी चुकते. आणि एवढं मोजत बसलं तर मन कुठे मोकळं होणार?

जात्याची खुंटी

मोजणी सोपी आहे ताई. जोडाक्षर एकच धरायचं. अनुस्वार, काना, मात्रा, वेलांटी वेगळी मोजायची नाही. शेवटचं अक्षर पाय मोडलेलं असेल तर तेही धरत नाहीत. "दोन कप काढले मी": दो, न, क, प, का, ढ, ले, मी. आठ. बोटांवर मोजायचं तर अंगठ्याने एका हाताची चार बोटं दोनदा. चार अक्षरांनंतर जरा टेकायला जागा मिळाली की ठेका आपोआप धरतो.

मोजल्याने मन मोकळं कसं होणार, याचं उत्तर जात्याकडे आहे. जात्यावर बसलेल्या बाईचे हात खुंट्याला गुंतलेले असायचे, दळण संपेपर्यंत उठता यायचं नाही. फेऱ्याच्या ठेक्यात ओळ बसवायची, आणि पहिला चरण परत म्हणायचा तेवढ्या वेळात पुढचा सुचायचा. अक्षर मोजताना डोक्याचा एक भाग त्या कामाला लागतो आणि दुःखाचा पूर आपल्याला ओढून नेत नाही. काठावर उभं राहून त्याच्याकडे बघता येतं. मोजणी हा बांध आहे. त्यासाठीच ती दुसऱ्या वहीत हवी. पहिल्या वहीत बांध घालायचा नसतो, हे गिरणाकाठ यांचं म्हणणं मला पटतं.

आपल्या खानदेशातलं सगळ्यांना माहीत असलेलं नाव म्हणजे जळगावजवळच्या आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१). लिहिता-वाचता येत नव्हतं, तरुणपणी वैधव्य आलं, आणि शेतात, घरात, जात्यावर काम करता करता गाणी रचली. ती छापून आली त्यांच्या मृत्यूनंतर, १९५२ साली. त्यांच्या गाण्यांचा सांगाडा बऱ्याच ठिकाणी हाच आठ अक्षरांचा आहे. दुःखाबद्दल बोलताना त्या घरातली, शेतातली वस्तू पुढे करतात. चूल, तवा, पाखराचं घरटं.

आता वरच्या नमुन्यातली चूक. ती बाई चहाजवळ उभी आहे. मग चौथ्या ओळीत दारात कशी गेली? "माघारी"ला यमक हवं होतं म्हणून "दारी" आलं. यमकाने तिला ओट्यावरून उचलून उंबऱ्यावर नेऊन ठेवलं. दारात वाट बघणारी बाई हजार कवितांत सापडते, फळीवरच्या कपाला हात लावून थांबलेली सापडत नाही. मी असं करीन:

दोन कप काढले मी
एक ठेवला माघारी
चहा उतू गेला तरी
हात तिच्या कपावरी

यमक जुळलं आणि बाई जागची हलली नाही. प्रत्येक यमकाला विचारायचं, हे खरंच असं घडलं होतं का? नसेल तर यमक सोडा, घडलेलं सोडू नका. दुःखाच्या कवितेत खोटी ओळ राहिली तर मनाला ते कळतं, आणि ती कविता परत वाचवत नाही.

आठाचा कंटाळा आला तर अभंगाचा मोठा साचा घ्या. सहा, सहा, सहा, चार. यमक दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणाला.

ओटा सारवला / अंगण झाडले
कोणीही न आले / सांज झाली

शेवटचा चरण चारच अक्षरांचा, त्यामुळे तिथे श्वास सुटतो. वियोगावर लिहिताना हा आखूड चरण फार कामाचा आहे. जे सांगता येत नाही ते तिथल्या रिकाम्या दोन अक्षरांत राहतं.

गिरणाकाठ

"दारी"ची चूक कबूल. दुरुस्त केलेलं कडवंच नमुना म्हणून धरावं.

केळीचं पान

अक्षरं मोजण्याबद्दल माझा थोडा विरोध नोंदवतो. वियोगाला, आठवणींना साचा चालतो. रागाला चालत नाही. मे-जूनच्या वादळात दीड एकराची केळी, अडीच हजार खोडं, घड भरलेले असताना एका रात्रीत आडवी होतात. त्या माणसाला आठ अक्षरांत बसवायला गेलात तर तो लिहिणंच सोडेल. त्याच्यासाठी यादीची कविता बरी. मुक्तछंद, यमक नाही, प्रत्येक ओळ एकाच शब्दाने सुरू. उदाहरणार्थ "मोजलं":

मोजलं खोडांना, अडीच हजार.
मोजलं टेकूच्या बांबूंना, तेही मोडलेले.
मोजलं पाइपलाइनच्या हप्त्यांना.
मोजलं पोरीच्या फीच्या पावतीवरचे आकडे.
मोजता आलं नाही, बापाने बांधावर किती वेळ काढला ते.

कृती अशी. एक क्रियापद निवडा. त्याने सुरू होणाऱ्या बारा ओळी लिहा, कमी नाही. पहिल्या चार-पाच सगळ्यांना सुचतील अशा येतात. सातवी-आठवीपासून आपलं खरं बाहेर पडायला लागतं. मग पहिल्या चार खोडा. शेवटच्या ओळीत क्रियापद उलटं करा, "मोजता आलं नाही", "सांगितलं नाही", "विचारलं नाही" असं. वळण तिथे येतं.

जात्याची खुंटी

रागाबद्दल मान्य. आणि हेही खरं की ओळीचा पहिला शब्द तोच तोच येणं हा सुद्धा एक ठेकाच झाला. भुलाबाईच्या, आखाजीच्या (अक्षय तृतीयेच्या) गाण्यांत हेच तर आहे, एक ओळ फिरून फिरून येते आणि दर वेळी एकच शब्द बदलतो. माहेरी आलेल्या लेकी झोक्यावर बसून सासरचं गाऱ्हाणं त्यातच सांगून घ्यायच्या.

सातपुडा पायथा

भाषेचा मुद्दा राहिला. ज्या भाषेत माणूस रडतो त्याच भाषेत खरड लिहायची. धुळे, नंदुरबार, अमळनेरकडचा माणूस अहिराणीत रडतो. यावल-रावेरकडच्या लेवा घरांतली बोली वेगळी. शाळेतल्या मराठीत लिहायला बसलं की मास्तर खांद्यावर उभा राहतो.

शिवाय बोली साच्यात पटकन बसते. "मला तुझी आठवण येते" मोजा, दहा अक्षरं, दोन जास्त. आता अहिराणीत: "माले तुन्ही याद येस". बरोबर आठ. अहिराणीतली येस, जास, करस ही क्रियापदं आखूड आहेत आणि सगळी "स"वर संपतात, त्यामुळे यमक शोधावंच लागत नाही. त्यातच धोकाही आहे. चारही ओळी क्रियापदावर संपल्या की कविता पाढ्यासारखी वाजते. दोन ओळी क्रियापदावर आणि दोन वस्तूच्या नावावर संपवा.

लिहून झाल्यावर प्रमाण मराठीत उतरवायची घाई नको. उतरवायचीच असेल तर महिन्याभराने, आणि मूळ तसंच ठेवून.

वाघूर

सावधगिरीचं कोणी तरी लिहायला हवं, म्हणून सविस्तर लिहिते.

पहिलं, वेळ. ताज्या घावात बोट घालू नका. जोडीदार नुकताच गेलेल्यांवर नेदरलँड्समधल्या संशोधकांनी केलेल्या अभ्यासात (२००२) भावना लिहून काढल्याने दुःख लवकर ओसरलं असं आढळलं नाही. मनातलं लिहून काढण्यावरच्या एकूण १४६ अभ्यासांचा एकत्र आढावा २००६ साली घेतला गेला, त्यात सरासरी फायदा होता, पण लहान होता. हे सगळं साध्या गद्य लिखाणाबद्दल आहे. म्हणून कविता हे औषध आहे असं कोणाला सांगू नका. आधार आहे, आणि योग्य वेळी घेतला तर चांगला आधार आहे. तेराव्याच्या आत घडलेल्या प्रसंगावर लिहायला कोणाला बसवू नये. त्या दिवसांत लिहावंसं वाटलंच तर गेलेल्या माणसाच्या वस्तूंची नुसती यादी करा. चष्मा, काठी, पानाची चंची, बाजेखालच्या चपला. शेवटचा दिवस, दवाखाना, अपघाताची जागा यांना हात नको. पुढे कविता करायची असेल तेव्हा हीच यादी कामाला येते.

दुसरं, लिहिता लिहिता श्वास भरून आला, हातपाय गार पडले, प्रसंग पुन्हा डोळ्यांसमोर घडायला लागला तर वाक्य अर्धं सोडून उठायचं. धीराने पूर्ण करायचं नाही. पाणी प्या, भिंतीला हात लावा, खोलीतल्या पाच वस्तूंची नावं मोठ्याने घ्या. दुसऱ्या दिवशी दुसरा, हलका विषय.

तिसरं आणि सगळ्यात जास्त चुकणारं: तेच ते घोळणं. लिहिणं चालू आहे, पण मन जागचं हलत नाही. ओळखायचं कसं? चार दिवसांची पानं शेजारी शेजारी ठेवा. चौथ्या दिवशी एखादा नवा तपशील आलाय का? "म्हणून", "त्यामुळे", "आता कळतं" असे शब्द वाढलेत का? "मी"च्या जोडीला "ती", "तो", "आम्ही" आलेत का? पेनेबेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांना लिखाणाचे शब्द मोजल्यावर हेच दिसलं होतं. ज्यांच्या लिखाणात कारण आणि उमज सांगणारे शब्द दिवसागणिक वाढले, सर्वनामं बदलत गेली, त्यांना जास्त फायदा झाला. तिन्ही प्रश्नांना "नाही" आलं तर त्या विषयावरची खरड थांबवा. पाचवा, सहावा, दहावा दिवस लिहून काही होत नाही, चर खोल होत जातो. मग तोच प्रसंग दुसऱ्या कोणाच्या तोंडून लिहा, त्या फळीवरच्या कपाच्या तोंडून सुद्धा चालेल. किंवा "मी"च्या जागी "ती" घालून पुन्हा लिहा. एवढ्या एका बदलाने बरेचदा गाडं हलतं.

आणि चौथं. दोन आठवडे झोप नाही, जेवण जात नाही, कामाला हात लागत नाही, किंवा मरणाचे विचार येतात, तर वही बाजूला ठेवून माणूस गाठा. १४४१६ हा सरकारचा टेलिमानस (मानसिक आरोग्याच्या मदतीचा) क्रमांक मोफत आहे, रात्रंदिवस चालतो, मराठीत बोलता येतं. जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराचा विभाग असतो. मरणाच्या विचारावर कोणी कविता लिहून पाठवली तर तिला दाद देऊ नका, त्या माणसाला लगेच फोन करा आणि सरळ विचारा. विचारल्याने तो विचार वाढत नाही.

पांढरी माती

वाघूरताई, वस्तूंच्या यादीचं फार पटलं. अजून एक अडचण. दोन खोल्यांच्या घरात, एकत्र कुटुंबात वही ठेवायची कुठे? सासरबद्दल लिहिलं आणि कोणाच्या हाती लागलं तर? मैत्रिणींच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकावं का?

गिरणाकाठ

खरड ठेवायलाच हवी असं नाही. सुट्या कागदांवर लिहा, आठवड्याने रेघा मारा, रेघ मारलेले शब्द तेवढे दुसऱ्या कागदावर उतरवा आणि खरड फाडून चुलीत घाला. दुसऱ्या कागदावर नुसतं "कप, फळी, गॅस, चहा" असेल. कोणाच्या हाती लागलं तरी किराण्याची यादी वाटेल. एकांत नसेल तर पहाटेचा वेळ, किंवा वावरात जेवणाच्या सुटीत झाडाखाली. कापूस वेचणीच्या दिवसांत बोटं बोंडांच्या टोकांनी सोललेली असतात, तेव्हा लिहिण्याचा हट्ट नको. ओळ मनात म्हणत राहायची. आठ अक्षरांची ओळ संध्याकाळपर्यंत टिकते, मुक्तछंदातली टिकत नाही. साच्याचा हाही एक फायदा.

ग्रुपवर निदान महिनाभर टाकू नका. तिथे "वा ताई, छान" येतं, हात जोडलेली चित्रं येतात, आणि पुढची कविता त्या "छान"साठी लिहिली जाते. कोणीच काही बोललं नाही तर तेही लागतं. तिसरी गोष्ट, गाव लहान असतं. सासू, जाऊ, भाऊबंद ओळखू येतील असं असेल तर नातं बदला, गाव बदला, वस्तू बदला. तरी ओळखू येत असेल तर ती कविता वहीतच राहू द्या. लिहिल्याचं काम झालेलंच आहे. वाचून दाखवायचीच असेल तर एकाच माणसाला, समोरासमोर, आणि आधी सांगून: "फक्त ऐक, काही सुचवू नकोस."

केळीचं पान

मोठ्याने वाचणं मात्र सोडू नका, भिंतीला का होईना. जिथे आवाज अडकतो तिथे दोनच कारणं असतात. एक तर ओळीत अक्षर जास्त झालंय, नाही तर तिथे खरं काही तरी आहे. अक्षरं मोजा. आठ भरली तर त्या ओळीला हात लावू नका.

सातपुडा पायथा

लिहिता न येणाऱ्या आज्या, मावश्या यांच्याबद्दल. त्यांच्याकडे ओव्या आहेत, फक्त कोणी बसून टिपायला हवं. टिपणाऱ्याने पाळायच्या गोष्टी:

आधी विचारा, मग मोबाइलवर आवाज भरा. "म्हणा आता" असं समोर बसून म्हटलं तर कोणी म्हणत नाही. हाताला काम द्या. डाळ निवडताना, गोधडी शिवताना, वाती वळताना ओवी येते. जे ऐकू आलं तेच लिहा, "मन्ही"चं "माझी" करू नका. अर्थ कळला नाही तर शब्द तसाच लिहून खाली रेघ मारा, नंतर विचारा. मध्ये रडू आलं तर टिपणं थांबवा, आवाज भरणंही बंद करा. शेवटी सगळं त्यांना वाचून दाखवा आणि काय ठेवायचं, काय काढायचं हे त्यांनाच ठरवू द्या. नातवंडाच्या आवाजात स्वतःची ओवी परत ऐकणं, यात कितीतरी काम होऊन जातं. एका बैठकीला पाऊण तास पुरे.

वाघूर

गावच्या वाचनालयात मिळून बसायचं असेल तर सहा ते आठ जण, दीड तास. बारा झाले की निम्मे गप्प राहतात. पहिली दहा मिनिटं नुसतं बसणं, वीस मिनिटं लिहिणं, पाऊण तास वाचन, शेवटची पंधरा मिनिटं चहा आणि दुसऱ्या गप्पा. ही शेवटची पंधरा मिनिटं कापू नका, उघड्या मनाने कोणाला थेट रस्त्यावर पाठवायचं नसतं. प्रत्येकाला "मी आज वाचणार नाही" म्हणायची मुभा. वाचणाऱ्याला सल्ला नाही, शुद्धलेखन नाही, "माझ्याही बाबतीत असंच" नाही. ऐकणाऱ्याने एवढंच सांगायचं, कोणती वस्तू डोळ्यांसमोर राहिली. कविसंमेलनाची सवय असलेला एखादा असतोच, त्याला आधीच बाजूला घेऊन प्रेमाने सांगावं की इथे टाळ्या नाहीत.

पांढरी माती

शेवटचा प्रश्न. कविता पूर्ण झाली हे कसं समजायचं? मी तर बदलतच राहीन.

जात्याची खुंटी

तीन खर्डे, त्यापुढे नाही. पहिल्यात वस्तू, दुसऱ्यात अक्षरं, तिसऱ्यात खोट्या ओळी काढणं. खाली तारीख घाला आणि पान उलटा. वर्षश्राद्धाच्या सुमाराला ते पान काढून वाचा. तेव्हा एखादी ओळ बदलावीशी वाटली तर जुनी खोडू नका, नवी शेजारी लिहा, नव्या तारखेसह.